कांडलेला कागद

निशिगंधा पष्टेला दिव्यांचं वेड आहे असं वाडीत सगळे म्हणायचे. तसं काही नव्हतं. दिवे तिला जमायचे, आणि जमतं ते माणूस करत राहतं. तिला वेड होतं ते आपलं नाव कुठेतरी छापून यावं याचं, आणि ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. भात लावणाऱ्या, म्हशी सांभाळणाऱ्या घरात सुनेने असलं काही बोलून दाखवलं असतं, तर होळीपासून दिवाळीपर्यंत सगळ्यांना थट्टेला विषय पुरला असता.

तिचं माहेर शहापूरचं. बारावीनंतर तिने कल्याणला चित्रकला शिकवण्याचा कोर्स केला, पण शाळेत नोकरी काही मिळाली नाही. मग मुंबईत नम्रताबाईंच्या दिव्यांच्या कारखान्यात लागली. कारखाना म्हणजे दोन खोल्या. तिथे हातकागद, बांबूच्या काड्या आणि तांदळाची खळ यांतून दिव्यांच्या शेड व्हायच्या आणि मोठमोठ्या हॉटेलांत जाऊन टांगल्या जायच्या. पुढे लग्न होऊन ती मुरबाड तालुक्यात, धसईच्या अलीकडच्या वाडीत आली, तर कामही तिच्यामागून आलं. पडवीचा एक कोपरा तिने धरला. एका बाजूला बियाण्याची पोती, दुसऱ्या बाजूला दिवे.

सहा वर्षांत तिने कितीतरी नवे आकार काढले. एक पावसात डोक्यावर घ्यायच्या इरल्यासारखा ओणवा होता, एक भाताच्या कणगीसारखा पोटाळ. सगळे नम्रताबाईंच्या दुकानाच्या नावाने खपले. नम्रताबाई वाईट होत्या असं नाही. कामाचे पैसे वेळच्या वेळी द्यायच्या, दिवाळीला साडी द्यायच्या. दिवा कुणी काढला हे गिऱ्हाइकाला सांगायचं असतं, एवढंच त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

दोन हजार चारच्या वैशाखात नाव छापून यायची संधी आली. मुंबईत हस्तकलेचं एक मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि प्रत्येक वस्तूखाली करणाऱ्याचं नाव लावायचं असं भरवणाऱ्यांनी ठरवलं होतं. नम्रताबाईंनी निशिगंधाला बोलावून घेतलं आणि एक गुंडाळी तिच्या हातात ठेवली.

"जपानी कागद आहे. माझ्या मैत्रिणीने येताना आणला, आठच ताव आहेत, पुन्हा मिळायचे नाहीत. यातून तुझं स्वतःचं काहीतरी कर. कार्डावर तुझं नाव घालते."

निशिगंधा ती गुंडाळी तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेऊन घरी आली. या कागदाला तिकडे वाशी म्हणतात असं तिने सांगितल्यावर तिचा नवरा शेखर म्हणाला, "मंग एवढं कौतुक कशाला? वाशीला तं आपला गणूमामा ऱ्हातो." तिने त्याला ताव उजेडाकडे धरून दाखवला. तुतीच्या जातीच्या कुठल्या झाडाच्या सालीचा तो कागद. आत लांबच लांब तंतू दिसत होते, एकमेकांत गुंतलेले. ओढला तर फाटत नव्हता, ओला केला तरी विरघळत नव्हता. शेखर मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला होता, त्याला माल ओळखता यायचा. "चिवट हाय," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

आता तिच्या सासूचं सांगायला हवं. जिवली पष्टे, साठीची, अंगाने काटकुळी, कामाला वाघीण. निशिगंधा तिला आत्या म्हणायची. दर वैशाखात, पाऊस यायच्या आधी, जिवलीचं एक काम ठरलेलं असायचं, सुपं आणि टोपल्या लिंपायच्या. वर्षभर वापरून बांबूची वीण सैल होते आणि फटींतून कणी गळते. मग घरातला असेल नसेल तो रद्दी कागद दोन दिवस भिजत घालायचा, उखळात कांडायचा, वाटलेली मेथी घालून मळायचा आणि तो लगदा ओल्या हाताने सुपाला पातळ थापायचा. वाळलं की सूप नवं होतं, आणि मेथीच्या कडूपणामुळे कीड जवळ येत नाही. जुन्या वह्या, लग्नपत्रिका, कॅलेंडरची पानं, सगळं त्यात जायचं. त्या वर्षी तर निवडणुकीची पत्रकंही भरपूर होती. दोन्ही पक्षांचे उमेदवार जिवलीच्या उखळात एकत्र कांडले गेले.

निशिगंधाने आठांतला एक ताव नमुन्यासाठी कापून बघितला. त्याचे तुकडे उरले, ते तिने सासूपुढे धरले. "हे घ्या आत्या, तुमच्या लगद्यात टाका." सांगून सवरून, आपल्या हाताने दिले. दोन दिवसांनी जिवली म्हणाली, "तुजा कागुद लय चिवट गो. सूप कसं पत्र्यावानी झालं. असला आनखी निघाला तं ठेव माज्यासाठी." निशिगंधा हसली आणि "हो" म्हणाली. पुढे तिने सासूला खूप बोल लावले, पण हे "हो" तिचंच होतं, आणि ते ती सोयीने विसरली.

दिवा कसा करायचा ते तिचं ठरलं होतं. कागद सपाट नाही लावायचा, चुरगाळून लावायचा. असा कागद पुन्हापुन्हा चुरगाळला आणि उलगडला की जुन्या लुगड्यासारखा मऊ होतो, आणि मागून उजेड दिला की त्यावर रेघारेघांचं जाळं उठतं. सातही ताव तिने सकाळपासून चुरगाळले. बोटं लाल झाली. मग त्यांचे बोळे करून एका टोपलीत घातले, वर ओलसर फडकं टाकलं आणि टोपली पडवीत ठेवली, भिंतीशी, लिंपायच्या सुपांच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी ती आणि शेखर शहापूरला तिच्या चुलतभावाच्या लग्नाला गेले. म्हशींसाठी जिवली मागे राहिली.

सुपाशेजारी टोपली. टोपलीत चुरगाळलेल्या कागदाचे बोळे, वर भिजवलेलं फडकं. यात जिवलीची चूक किती ते तुम्हीच ठरवा.

गेल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी दोघं परत आली तेव्हा अंगणात तीन सुपं आणि एक टोपली उन्हात वाळत होती आणि जिवली खांबाला टेकून दंड चोळत बसली होती.

"बघ गो, कशी झाल्यात!" ती म्हणाली. "या साली दुकानातलं नवं सूप नको."

निशिगंधाने एका सुपाकडे बघितलं. पिवळसर लिंपणात लांब लांब तंतू दिसत होते.

"आत्या, टोपलीतला कागद?"

"लावला की. तूच काढून ठेवलावतास ना माज्यासाठी? पर काय गो जातीचा! दोन दीस भिजवला तरी मुसळाखाली हटंना. खांदं भरून आलं माजं."

निशिगंधा पायरीवर बसली आणि अशी ओरडली की शेजारची मंडळी दारात आली.

"माझं नाव कांडलंत तुम्ही उखळात, आत्या! माझं नाव कांडलंत!"

"नाव कसलं?" शेखर गोंधळला. "कागुदच व्हता ना?"

मग तिला सगळं सांगावं लागलं. प्रदर्शन, कार्ड, कार्डावरचं नाव, सहा वर्षांत एकाही दिव्यावर न लागलेलं. रडत, नाक पुसत, शेजाऱ्यांच्या देखत सांगितलं. आतापर्यंत जपून ठेवलेली गोष्ट अशी अंगणात सांडली याचाही तिला राग आला. थट्टा होणार असं तिला वाटलं होतं, ती झाली नाही. जिवलीने एवढंच विचारलं, "छापून येनार व्हतं?"

"हो."

जिवली उठून गोठ्यात गेली आणि तिथेच बराच वेळ राहिली.

प्रदर्शनाला पंधरा दिवस होते. धसईला जाऊन फोन करावा आणि कागद गेला म्हणून सांगावं, तर नम्रताबाई दुसऱ्या कुणाचा तरी दिवा घेतील, आणि कार्डावर त्याचं नाव जाईल. निशिगंधा फोन करायला गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिवलीने पातेलं आणून तिच्यापुढे ठेवलं. फडक्याखाली लगद्याचा मोठा गोळा होता. "निम्मा उरलाय. मडक्यावर लिंपला तं दिवा नाय व्हायचा? माज्या आईच्या घरी नाचनी ठेवायला अशा टोपल्या करायचो आमी. मडका पालथा घालायचा, राख चोळायची, वरून लिंपायचं. वाळलं का सुटून येतंय."

"दिवा आहे आत्या तो. नाचणी नाही ठेवायची त्यात."

जिवली पातेलं तिथेच ठेवून शेणी थापायला गेली.

दुपारी कुणी नाही असं बघून निशिगंधाने मडकं पालथं घातलं. राख चोळली, लगदा थापला. दुसऱ्या दिवशी तो वाळला तेव्हा एका बाजूला भाकरीएवढा जाड होता आणि दुसऱ्या बाजूला तडकून उघडा पडला होता. पुन्हा भिजवला, पुन्हा थापला, पुन्हा तेच. पाचव्या दिवशी जिवलीला राहवलं नाही. तिने सुनेला कोपराने बाजूला सारलं आणि हात पाण्यात बुडवले.

"तू डोळ्यांनी बघून लावतेस. डोळ्यांना काय कळतंय? हाताला कळलं पायजे, मडका कुठं लागतो नि कुठं नाय."

तिचा तळवा मडक्यावरून फिरत गेला. लगदा इतका पातळ पसरला की खालचा लाल रंग दिसायला लागला, पण कुठे फाटला नाही. लांब तंतू तिच्या बोटांखाली आपोआप आडवे होत गेले. निशिगंधा बघत बसली. तिला कोर्समध्ये दोन वर्षं शिकवलं होतं, नम्रताबाईंकडेही ती बरंच शिकली होती, पण असा हात तिने कुठे पाहिला नव्हता. हे तिने मनाशी अगदी स्वच्छ कबूल केलं. तोंडाने फक्त म्हणाली, "काठ जरा सरळ ठेवा."

जिवलीने तीन कटोरे लिंपले, एक मडक्यावर, एक गाडग्यावर आणि एक तिच्या लग्नातल्या तांब्याच्या हंड्यावर. पुढचं निशिगंधाचं. तिने काठांना बांबूच्या कामट्या बसवल्या, तिन्ही कटोरे पालथे, लहानमोठ्या उंचीवर, एकाच आडव्या काठीला टांगले, आत दिव्यांचे होल्डर घातले. लोडशेडिंग संपून संध्याकाळी लाइट आली तेव्हा शेखरने बटण दाबलं. मेथीचा पिवळेपणा उजेडात मुरला होता आणि त्यातून ते तंतू निघाले होते, वळणावळणाचे, वाट फुटेल तिकडे गेलेले. चुरगाळलेल्या कागदाचा दिवा झाला असता तर तो याच्या पासंगालाही पुरला नसता, हे निशिगंधाला त्याच क्षणी कळलं. तिला आनंद झाला आणि त्या आनंदात कुठेतरी बारीक काटा रुतला. कशाचा ते तिने शोधलं नाही.

"येवडा उजेड व्हय माज्या लगद्याचा!" जिवली म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

ती दिवा मुंबईला घेऊन गेली तेव्हा नम्रताबाईंनी तो दुकानात टांगून चारी बाजूंनी बघितला. मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. दुकानातल्या दोन मुलींना त्यांनी हाक मारून बोलावलं.

"सगळे ताव तू कांडून काढलेस? माझी हिंमत झाली नसती. आणि शिवण कुठेच नाही. हे केलंस कसं?"

"मडक्यावर."

"कल्पना कुणाची?"

सांगायला काय लागत होतं? 'सासूची', एवढा एकच शब्द. पण सहा वर्षं थांबल्यावर पहिल्यांदाच हा प्रश्न कुणीतरी विचारत होतं, आणि समोरच्या तिघीजणी तिच्याकडे बघत होत्या, दिव्याकडे नाही.

"माझी," निशिगंधा म्हणाली.

अगदीच खोटं नव्हतं ते. काठी तिची होती, उंच-सखल टांगणं तिचं होतं. घरी परत येताना तिने स्वतःला हे सगळं नीट समजावलं, आणि ते पटलं नाही तेव्हा ठरवलं की उद्या धसईहून फोन करून सासूचंही नाव घालायला सांगायचं. दुसऱ्या दिवशी बियाणं वाळत घालायचं होतं. तिसऱ्या दिवशी फोनचं दुकान बंद निघालं. चौथ्या दिवशी नम्रताबाईंचाच फोनच्या दुकानात निरोप आला की कार्डं छापून आली. मग राहिलंच ते.

प्रदर्शन बघायला येते असं जिवलीने आपणहून सांगितलं. "माजा कागुद कुठं टांगलाय तो बघू तरी." निशिगंधाने ऊन सांगितलं, गर्दी सांगितली, गाड्या बदलाव्या लागतात हे सांगितलं. जिवलीने ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. शेखरला रजा नव्हती, म्हणून दोघीच गेल्या.

दालन थंडगार होतं, भिंती पांढऱ्या. जिवलीने दाराशी चपला काढल्या. बाकी कुणी काढत नव्हतं, पण निशिगंधा तिला घालायला सांगू शकली नाही. अनवाणी पावलांनी फरशीवरून सावकाश चालत जिवली दिव्यापाशी आली. तो मधोमध टांगला होता आणि त्याच्याभोवती दोन-तीन माणसं उभी होती, हळू आवाजात बोलत. एकाने बोट लावायला हात उचलला आणि मागे घेतला. जिवली ते सगळं बघत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"हात बी लावत नायत गो," ती कुजबुजली. "आन मी बुक्क्या मारून मारून मळलाय त्याला."

दिव्याखाली छोट्या पाटावर कार्ड होतं. पांढरं, जाड, त्यावर इंग्रजीत एकच ओळ. निशिगंधाचं नाव आणि आडनाव. तिने ते पहिल्यांदाच बघितलं. याच्यासाठी ती किती वर्षं झुरली होती, आणि आता तिला त्याच्याकडे धड बघवत नव्हतं.

"काय लिवलंय?" जिवलीने विचारलं.

आता तरी सांगावं. आता सांगितलं तर सासू काय करणार होती? थोडी गप्प झाली असती, मग "असू दे" म्हणाली असती. निशिगंधाला हे सगळं माहीत होतं.

"आपली नावं," ती म्हणाली. "तुमचं नि माझं."

"माजं बी?"

"हो."

जिवली वाकली. अंगठा आणि तर्जनी ताणून तिने ती ओळ हवेतल्या हवेत मापली, कामटी मापावी तशी. तिला अक्षर येत नव्हतं, पण माप येत होतं.

"येवड्याशा रेघंत दोन नावं मावली?"

"इंग्रजीत बारीक लिहितात, आत्या."

"असंल," जिवली म्हणाली आणि सरळ झाली.

तेवढ्यात एक बाई तिथे आल्या. पांढरे केस, गळ्यात दोरीला चष्मा, साधी सुती साडी. दिवा त्यांनी बराच वेळ बघितला, मग चष्मा चढवून कार्ड वाचलं. जिवलीला कुणाशी तरी बोलायचंच होतं. ती एक पाऊल पुढे झाली.

"ताई, त्यातलं एक नाव माजं हाय. मी लिंपलाय ह्यो. दुसरं नाव हिचं, माज्या सुनंचं."

बाईंनी जिवलीकडे बघितलं, तिच्या हातांकडे, अनवाणी पायांकडे. मग पुन्हा एकदा खाली वाकून कार्ड वाचलं. एकच ओळ, ती वाचायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ त्यांनी घेतला. चष्मा उतरवताना त्यांची नजर निशिगंधाकडे गेली. निशिगंधाचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"हो, वाचलं मी," बाई जिवलीला म्हणाल्या. "तुमचं नाव तर आधी आहे." आणि हात जोडून पुढे गेल्या.

जिवली सुनेकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की निशिगंधाला तो बघवेना, आणि त्यातच थोडा रागही होता, खराखुरा, मोठ्या माणसाचा.

"माजं आधी कशाला घातलंस गो? नाव छापून यावं म्हनून तूच रडलीवतीस ना? तुजं आधी घालायचं व्हतं."